आमचे माळवद

आमच्या घरावर छप्पर नव्हते; माळवद होते. कोकणातल्या मुलांना हा शब्द कदाचित परका वाटेल. कौलांवरून पाणी घसरत जाते, गवती छपरावरून ते ओघळते. माळवद मात्र सपाट असते आणि ते मातीचे असते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर, केज तालुक्यातले आमचे गाव अशाच माळवदांचे होते. उन्हाळ्यात रात्रीची जेवणे आटोपली की सारे गाव वाकळा घेऊन वर निजायला चढे. एका माळवदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे करीत आम्ही मुले वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जमिनीला पाय न लावता जात असू. पापड, कुरडया, मिरच्या, शेंगा हे सारे तेथेच वाळे. घरातला निम्मा संसार असा घराच्या डोक्यावर मांडलेला असे.

माळवदाची रचना साधी होती. भोवती जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने मांडलेल्या लाकडाच्या ढलप्या, त्यांना आम्ही किलचन म्हणत असू, किलचनावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणत. घर केवढे, असे कोणी विचारले तर उत्तर फुटांत मिळत नसे, खणांत मिळे. आमचे घर पाच खणांचे होते. पाणी वाहून जावे म्हणून माळवदाला किंचित उतार दिलेला असे आणि कडेला पन्हाळी बसवलेल्या असत. आमच्या जिल्ह्यात पाऊस बेताचाच. जेथे तो मुसळधार पडतो तेथे असे घर एक वर्षसुद्धा टिकले नसते.

पण पाऊस थोडा असला तरी पाणी ते पाणीच. मातीच्या छतातून ते खाली येत नसे, याचे सारे श्रेय सर्वांत वरच्या थराला होते. तो थर पांढऱ्या मातीचा. आमच्याकडे जी जमीन पिकते ती 'काळी' आणि जिच्यावर गाव वसते ती 'पांढरी'. गावाच्या टोकाला एक पडकी गढी होती. तिचे बुरूज ढासळून तेथे पांढऱ्या मातीचा मोठा ढिगारा झाला होता. गावातली प्रत्येक बैलगाडी वर्षातून एकदा तरी त्या ढिगाऱ्यापाशी उभी राही. ही माती खारट असते. तिच्यातले क्षार असे असतात की पाणी लागताच मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, पसरतात आणि सर्व छिद्रे बुजवून टाकतात. पहिल्या दोन सरींत माळवद जणू स्वतःच स्वतःला लिंपून घेते. काळ्या मातीचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्या भेगांत उन्हाळ्यात मुलाचा हात सहज जातो. हे रसायन मला पुढे पुस्तकांतून कळले. गावात ते सर्वांना ठाऊक होते. फक्त त्याला कोणी रसायन म्हणत नव्हते.

होळी झाली की घर नीट करण्याचे दिवस सुरू होत. त्यासाठी गवंडी बोलवावा असे कोणाच्या मनातही येत नसे. तुळई बदलायची असेल तर सुतार, दगडाची भिंत नव्याने रचायची असेल तर वडार. बाकी सारे घरच्यांनीच करायचे. भिंतीचे काम आजीचे. माती चाळून, तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून ती आठ दिवस भिजत ठेवी. त्या चिखलाला असा वास येई की जेवताना घास घशाखाली उतरत नसे. पण तो कुजल्याखेरीज भिंतीला धरत नाही, असे ती म्हणे. मग तो पायांनी तुडवायचा. आम्हां नातवंडांना चिखल तुडवण्याची परवानगी मिळे, लिंपण्याची मात्र मिळत नसे. "तुमचा हात जड हाय," एवढेच ती म्हणे. तिने लिंपलेल्या भिंतीवर बोटांच्या अर्धवर्तुळाकार रेषा उमटत आणि त्या वर्षभर तशाच राहत. अजूनही मला घर म्हटले की त्या रेषा आठवतात.

माळवदाचे काम आजोबांचे. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. रोहिणी नक्षत्र लागण्याच्या आत माळवद झाले पाहिजे, हा त्यांचा नेम होता. आधी वरचे वाळलेले गवत मुळांसकट उपटायचे, कारण मूळ कुजले की त्याच वाटेने पाणी आत शिरते. मग वरचा थर खुरप्याने खरवडायचा, नवी पांढरी पसरायची, पाणी शिंपडायचे आणि चोपण्याने चोपायची. हे सगळेच करीत. आबा त्याखेरीज आणखी एक गोष्ट करीत आणि तिच्यामुळे गावात त्यांची थोडी चेष्टाही होई. त्यांच्याजवळ बाभळीची एक काठी होती. तिच्या टोकापासून वीतभर अंतरावर त्यांनी चाकूने एक खाच पाडली होती. माळवदाच्या मातीत चार-पाच ठिकाणी भोक पाडून, खालच्या किलचनाला टेकेपर्यंत ते ती काठी आत घालीत. खाच मातीच्या वर राहिली तर ठीक. मातीखाली गेली तर तेथली माती काढायची. जेवढ्या पाट्या वर, तेवढ्या पाट्या खाली. पाटीला पाटी.

वर नेण्यापेक्षा खाली आणणे अधिक जिकिरीचे होते. माती वरून गल्लीत लोटून देता येत नसे. ती भिंतीच्या पायाशी साचली की पावसाचे पाणी तेथे तुंबते आणि पाया ओला होतो. म्हणून पाटी डोक्यावर घेऊन शिडीने उतरायचे आणि माती परसात न्यायची. शेजारचे नाना आपल्या माळवदावरून हे सारे पाहत आणि हसत. त्यांनी माळवदावरची माती कधी काढली नव्हती. त्यांच्या वडिलांनीही काढली नव्हती. दर वर्षी बोटभर माती पडत पडत त्यांचे माळवद दोन फूट जाड झाले होते. उन्हाळ्यात त्यांच्या घरात गारवा असे आणि ते कधी गळत नसे. "आरं, माती ही घराची वाकळ हाय," ते आबांना म्हणत. "वाकळ कुणी पातळ करतं का?" आबा उत्तर देत, "वाकळ निजणाऱ्यानं पांघरायची असते नाना. घर तर उभं हाय."

गावात उत्तम माळवद कोणाचे, असे विचारले असते तर शंभरांतल्या नव्वदांनी नानांचेच नाव घेतले असते. मीही घेतले असते.

माझे वडील, आमचे दादा, या कामात सहसा नसत. दसरा-दिवाळी झाली की ते आणि माय ऊसतोडीला जात. बीड जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांप्रमाणे त्यांचाही अर्धा संसार पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर चाले. तेथे राहण्यासाठी कोपी उभारायची असे. बांबूच्या कामट्या किंवा वासे वाकवून जमिनीत रोवायचे, वरून चटया आणि पाचट घालायचे, सुतळीने आवळायचे. वाकल्याखेरीज आत जाता येऊ नये एवढेच दार. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मी चार दिवस त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुपारी ट्रॅक्टरमधून सामान उतरवले आणि दिवेलागणीला आमची कोपी उभी होती. वाऱ्याची दिशा पाहून दादांनी दार फिरवले, चुलीची जागा पाचटापासून लांब धरली, भोवती चर खणला. कोणाला काही विचारले नाही, काही मोजले नाही. दर वर्षी नवे घर बांधणारा माणूस आपल्या स्वतःच्या घराच्या डागडुजीला मात्र दोन दिवस आधी तरी पोचेल की नाही, याची शाश्वती नसे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते परतत, तेव्हा हातांना उसाच्या पाल्याचे काप असत आणि पाठ वाकलेली असे.

१९९१ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात आबांचा पाय विहिरीच्या पायरीवर मुरगळला आणि ते बाजेवर पडून राहिले. कारखाना लांबल्यामुळे दादांचा परतण्याचा दिवस ठरेना. माळवद तसेच पडून होते. माझ्या मनात आले की आपणच ते करावे. दादा येतील तेव्हा काम झालेले असेल, त्यांना विसावा मिळेल आणि आपली वाहवा होईल. खरे सांगायचे तर तिसरे कारण पहिल्या दोहोंपेक्षा मोठे होते. मी दोन मित्र गोळा केले. आबांना विचारले नाही, कारण विचारले असते तर त्यांनी शंभर गोष्टी सांगितल्या असत्या. चार वर्षे मी त्यांच्या हाताखाली पाट्या उचलल्या होत्या. त्यांत न येण्यासारखे काय आहे, असे मला वाटले.

गढी मैलभर लांब होती आणि बैल दुसऱ्यांकडे दिलेले होते. आमचे वावर मात्र घरामागेच होते. तेथली माती मऊ, काळीभोर, हाताला लोण्यासारखी. मातीत माती, असा विचार करून आम्ही तीच वाहिली. जुने काही काढले नाही. आबा निजलेले असताना खरवडण्याचा आवाज झाला असता. तीन दिवसांत काम झाले. पाणी शिंपडून चोपल्यावर माळवद असे गुळगुळीत आणि काळेशार दिसू लागले की येणारेजाणारे मान वर करून पाहू लागले. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आजी खालून काही दिसत नसल्यामुळे नुसतीच हसली. आबांनी विचारले, "पांढरी कशानं आणली?" मी म्हणालो, "डोक्यावर." हे खोटे होते. आजवर मी ते कोणाला सांगितले नव्हते.

पुढे पंधरा दिवस ऊन तापले आणि माझ्या काळ्याशार माळवदावर रेषा उमटू लागल्या. आधी केसासारख्या, मग सुतळीएवढ्या, मग बोट जाईल एवढ्या. मी रोज वर जाऊन त्या पायाने दाबून यायचो आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उघडत. दादा आणि माय मृगाच्या आदल्या दिवशी आले. दादांनी माळवद झाल्याचे ऐकले आणि ते भाकरी खाऊन जे झोपले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. त्यांचे ते समाधान पाहून मला बोलायचा धीर झाला नाही.

पाऊस तिसऱ्या रात्री आला. पांढऱ्या मातीवर पडणारी पहिली सर तिला लिंपते; भेगाळलेल्या काळीवर पडणारी पहिली सर सरळ आत उतरते. पाणी थेंबाथेंबाने गळले नाही, ते धारेने पडले. काळी फुगून भेगा मिटायच्या आत पालापाचोळा, किलचन, कड्या सारे निथळू लागले. कोपऱ्यातल्या कणगीत वर्षाची ज्वारी होती आणि तिच्या शेजारी मडक्यांत राखेत घोळून ठेवलेले तुरीचे आणि मुगाचे बियाणे. मडक्यांची तोंडे नुसत्या फडक्याने बांधलेली होती. मायने आणि आजीने भांडी मांडली, पोती पांघरली. कणगी काही हलवता येईना. दादा कंदील घेऊन वर चढले. त्यांनी मुठीत माती घेतली, कंदिलाजवळ धरली आणि ते तसेच उभे राहिले. पाऊस त्यांच्या अंगावरून वाहत होता. मी शिडीवर अर्ध्यातच थांबलो होतो. ते मला ओरडले असते तर बरे झाले असते. "खाली जा. पडशील," एवढेच ते म्हणाले.

बियाणे गेले. पेरणीसाठी नवे उसने घ्यावे लागले. ज्वारीला मोड आले. निम्मी वाळवून वाचवली, तिच्या भाकरीला पुढे कित्येक महिने कुबट वास येई आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे.

उघडीप मिळताच आबा काठी टेकत अंगणात आले आणि त्यांनी बाज शिडीजवळ मांडायला सांगितली. मी वाहिलेली सर्व काळी माती मीच खाली आणायची आणि प्रत्येक पाटीला अंगणाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची, असा त्यांचा हुकूम झाला. एकशे चाळीस रेघा झाल्या. मग त्यांनी एक भरलेली पाटी मला वाण्याच्या तराजूवर घालून आणायला लावली. ती वीस किलो भरली. "आता गुणाकार कर. साळंत जातोस नव्हं?" ते म्हणाले. मी केला. अठ्ठावीस क्विंटल! मी तीन बोटे जाडीचा थर टाकला होता आणि घराच्या डोक्यावर अठ्ठावीस क्विंटल ओझे ठेवले होते. "हे कोरडं," आबा म्हणाले. "पाणी पिल्यावर किती?" गळक्या माळवदाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. काळी आणि पांढरी यांतला फरक मला आता कोणी सांगण्याची गरज नव्हती, हे त्यांना कळत होते. ज्याची मला जाणीव नव्हती तेच त्यांनी दाखवले.

तुम्हीही हा हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी खोली घ्या. तिच्यावर फूटभर माती म्हणजे १२० घनफूट. दाबलेल्या कोरड्या मातीचा एक घनफूट सुमारे ४५ किलो भरतो. म्हणजे एका खोलीवर चोपन्न क्विंटल. दोन फूट माती असेल तर शंभरावर. नानांच्या माळवदाखाली तीन खोल्या होत्या.

आफ्रिकेत माली देशात जेने नावाचे एक गाव आहे. तेथली १९०७ साली बांधलेली मोठी मशीद सबंध मातीची आहे. दर वर्षी ठरलेल्या दिवशी सारे गाव नदीकाठचा चिखल वाहून तिच्या भिंती लिंपते. भिंतींतून बाहेर डोकावणाऱ्या लाकडी वाशांवर तरुण चढतात आणि मुले चिखल तुडवतात. त्याचे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला आजीच्या चिखलाचा वास आला. दर वर्षी हात लागल्याखेरीज मातीचे घर राहत नाही, ही गोष्ट जगभर सारखीच आहे. पण भिंत लिंपणे वेगळे आणि छतावर माती चढवणे वेगळे. भिंतीवरचा जुना थर पावसाने धुऊन जातो. छतावरची माती जागच्या जागी साठत राहते.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. उतरंडीतली मडकी एकमेकांवर आपटत होती आणि घराच्या लाकडांतून कुरकुर ऐकू येत होती. बैलगाडी ओढ्यात उतरताना करते तशी. आबांनी अंधारातच हाक मारली, "बाहीर, बाहीर!" आम्ही अंगणात आलो तेव्हा सारी कुत्री भुंकत होती. उजाडल्यावर पाहिले तर आमच्या दक्षिणेकडच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने पोट आले होते. माळवद मात्र खांबांवर जसेच्या तसे होते. नानांच्या मधल्या खोलीत तुळई खांबावरून सरकली होती आणि तेथले माळवद खाली बसले होते. आरतीनंतर मंडळी गप्पा मारीत ओसरीवरच निजली, म्हणून मधली खोली रिकामी होती. नाना त्या ढिगाऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग ते आमच्या अंगणात येऊन आबांच्या बाजेवर बसले. दोघेही काही बोलले नाहीत.

आमच्याकडे हा नुसता धक्का होता. खरा घाव पडला तो लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरच्या परिसरात. सुमारे आठ हजार माणसे झोपेतच गेली. आमच्या गावातल्या बायकांनी रात्रभर भाकरी थापल्या आणि दादा दहा-बारा जणांबरोबर ट्रकमधून तिकडे गेले. चार दिवसांनी ते परतले. जेवले नाहीत. कितीतरी दिवसांनी एका रात्री ते आबांना सांगू लागले आणि मी ते अंथरुणातून ऐकले. "आबा, ती माती आपलीच हो. तशीच पांढरी. खोऱ्यानं ओढत होतो तर थर दिसायचे, एकावर एक, झाडाच्या खोडावाणी. एकेका वर्साचा एकेक थर. नीट चोपलेला. ज्यांनी दर वर्साला घर नीट केलं, त्यांच्याच घरावर जास्त माती."

यावर आबा काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. बहुधा ते काहीच म्हणाले नसावेत. आपण शहाणे ठरलो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर पुढेही मला कधी दिसला नाही.

नंतर तज्ज्ञांनी जे सांगितले त्याचे सार दादांच्या बोलण्यात आलेच होते. फक्त त्यात भिंतींची भर होती. आमच्याकडच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती बाहेरून एकसंध दिसत. वास्तविक त्या दोन पातळ भिंती असत. आतली एक, बाहेरची एक, आणि मधे दगडगोट्यांची व मातीची भर. दोघींना बांधणारे काही नसेल तर हादरा बसताच त्या एकमेकींपासून सुटतात. बाहेरची बाहेर कोसळते, आतली आत. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला होता आणि त्यांचे सांधे घट्ट होते, तेथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे त्याच गावांत होती.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. इतरत्र उभी राहिलेली घरे बळकट करण्याचे काम निघाले आणि ते पुढे बीडसह अनेक जिल्ह्यांत गेले. आमच्या गावातही एक तरुण अभियंता आला. भीती एवढी बसली होती की ज्याला त्याला माती आणि दगड काढून टाकून पत्रे ठोकायचे होते. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस कसा राहील, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. अभियंत्याने आमच्या अंगणात गावकऱ्यांना बसवून सांगितले की भिंतीतले काही दगड अलगद काढा, आरपार भोक पाडा, त्यात लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरा. म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना धरून राहील. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार ठोका. माळवदावरची माती कमी करा.

"किती ठेवायची, साहेब?" आबांनी विचारले.

"वीतभर पुष्कळ झाली. खाली प्लास्टिकचा कागद घाला, म्हणजे गळणार नाही."

आबा उठले, आत गेले आणि बाभळीची काठी घेऊन आले. अभियंत्याने खाचेवर बोट ठेवले, स्वतःची वीत लावून पाहिली आणि विचारले, "हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. माझ्या बापाची तुळई मोडली व्हती एकदा. तवापासून."

त्या तुळईची गोष्ट आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकली. तिच्याखाली कोण होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या हिवाळ्यात दादा ऊसतोडीला उशिरा गेले. आमच्या भिंतीत सतरा ठिकाणी भोके पाडली गेली. दगड काढताना भिंत ढासळू नये म्हणून एक भोक भरून वाळल्याखेरीज दुसरे पाडायचे नाही, असा नियम होता. दादांनी तो पाळला. कोपी बांधताना काहीही न मोजणारे दादा इथे दोरी लावून अंतर मोजत होते. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा रचला, त्यासाठी मात्र वडार बोलावला; आपल्या हाताने होणारे काम कोणते आणि न होणारे कोणते, हे दादांना नेमके कळे. नानांच्या माळवदावरून किती गाड्या माती निघाली ते मी मोजले नाही. ती परसात मावेना, म्हणून पुन्हा गढीच्या ढिगाऱ्यावर नेऊन टाकली.

आता आमच्या गावात माळवदाची घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. स्लॅबची घरे झाली आणि ती चांगलीच झाली, असे मी म्हणेन. आमच्या आठवणींसाठी कोणी कंदील घेऊन पावसात उभे राहावे असे मला वाटत नाही. मी स्वतः बीड शहरात स्लॅबखाली राहतो. गेल्या पावसाळ्यात तो गळू लागला. पाणी स्लॅबमध्ये एका ठिकाणी शिरते आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडते; मी बाजारातून आणलेला लेप जेथे ओल दिसली तेथे आतून फासला आणि ती दोन हात पलीकडे दिसू लागली. शेवटी माणूस बोलवावा लागला. मी बारा वर्षांचा होतो त्यापेक्षा या कामात फारसा पुढे गेलेलो नाही.

गावचे घर मात्र दादांनी मोडू दिलेले नाही. आबा आणि आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. दादा सत्तरी ओलांडून गेले आहेत, तरी रोहिणीच्या आत माळवद झाले पाहिजे हा नेम चालू आहे. या वैशाखात मी गेलो तेव्हा ते वरच होते. पांढरी पसरून झाली होती, चोपणे बाकी होते. मी शिडी चढून वर गेलो. ते चोपणे बाजूला ठेवून कट्ट्यावर टेकले.

"तीन वर्स झाली," ते म्हणाले. "वर न्यायला हुतं अजून. खाली आणायला गुडघे ऐकत न्हाईत."

मी काहीच बोललो नाही. त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. बाभळीची काठी तेथे भिंतीला टेकून ठेवली होती. हातात धरायची जागा झिजून तुळतुळीत झाली होती. मी मधल्या खोलीच्या वर भोक पाडले आणि किलचनाला टेकेपर्यंत काठी आत घातली. खाच दिसेना. बोटांनी माती उकरली तेव्हा ती तीन बोटे खाली सापडली.

"किती?" दादांनी विचारले.

मी सांगितले. ते शिडी धरायला उठले आणि मी पाटी भरू लागलो.